स्लॅबवरची टिटवी

शहरातून आमच्या मळ्यात कुणी पाहुणे आले, की गाडीतून उतरल्या उतरल्या आधी मोर शोधतात. मोर दिसला की फोन काढतात, फोटो काढून झाले की माझ्याकडे वळून म्हणतात, "काय भाग्य आहे हो तुमचं!" मी हसते आणि चहा टाकते. काय सांगणार? हाच मोर रोज सकाळी माझ्या स्कूटीवर बसून आरशातल्या मोराशी भांडतो. एक आरसा फोडला त्यानं. आता दोन्ही बाजूंना मी मालकांचे जुने पायमोजे चढवून ठेवते आणि बाजाराला जाताना ते काढायला विसरते. मिरचीची रोपं लावली की शेंडे खातो, भुईमूग टोकला की दाणे उकरतो. पावसात नाचतो म्हणे. आमच्या भागात पाऊस पडायचा कधी आणि हा नाचायचा कधी? नुसता खातो.

मी मूळची सांगलीची, गावभागातली. आमच्याकडे रानटी प्राणी म्हणजे कावळा, तोही ओळखीचा. लग्न होऊन कवठे महांकाळकडच्या या माळावर आले तेव्हा इथं बाभळी आणि दगड सोडून काही नव्हतं. मालक फौजेत होते. ते रिटायर होऊन आल्यावर आम्ही गाव सोडून रानात स्लॅबचं घर बांधलं. मग कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून द्राक्षं आली, ऊस आला, आणि उसामागून ही सगळी मंडळी न बोलावता राहायला आली. वानरं टाकीचं झाकण काढून आत हातपाय धुतात. मुंगूस कोंबडीची अंडी नेतं. कांद्याच्या चाळीत धामण असते, आणि एकदा न्हाणीघरात घोरपड होती. मी अंगावर पाणी घेतल्यावर ती बादलीमागून बाहेर आली. त्या दिवशी मी कशी बाहेर आले ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

बरं, तक्रार करायची तर कुणाकडे? आमचे सासरे, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्या मते प्रत्येक जनावराला देवाघरी कुणी ना कुणी वाली आहे. मोर सरस्वतीचा, उंदीर गणपतीचा, नाग महादेवाचा, वानर मारुतीचं, घुबडसुद्धा लक्ष्मीचं. म्हणून कुणावर दगड उचलायचा नाही. या सगळ्यांचं उष्टं-खरकटं, पडझड, घाण निस्तरणारी जी घरात एक बाई आहे, ती मात्र कुठल्या देवाला आपली वाटलेली दिसत नाही.

तरी हे सगळं मी वर्षानुवर्षं सोसलं. गेल्या उन्हाळ्यात मात्र माझा संयम सुटला, कारण गोष्ट माझ्या लेकीची होती.

आमची एकुलती एक लेक साताऱ्याला दिली आहे. ती आणि जावई दोघंही घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करतात. माघ महिन्यात तिचा फोन आला, दिवस गेल्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक घरी आणायची, तिचे डोहाळे पुरवायचे, बाळ झालं की शेक-शेगडी करायची, आणि बाळ मान धरायला लागल्यावर जड मनानं सासरी पोचवायचं. तिच्या लग्नापासून मी या एका गोष्टीवर डोळा ठेवून होते. दहावी झाली तशी पोरगी शिकायला बाहेर पडली ती पडलीच. मग नोकरी, मग लग्न. दिवाळीला यायची ती चार दिवस, त्यातले दोन मैत्रिणींचे. माझ्या घरात ती सलग महिनाभर कधी राहिली होती ते मला आठवेना. मला ती हवी होती. पाच-सहा महिने, माझ्या हातचं खाणारी, माझ्या डोळ्यांसमोर. बाकी मला काही नको होतं.

अडचण एकच होती. तिच्यासाठी जी खोली होती ती गळायची. आमचा पाऊस म्हणजे औषधाला असतो, पण जेवढा पडतो तेवढा सगळा त्या खोलीत पडतो. छतावर ओलीचा मोठा काळपट डाग होता. विहीणबाईंनी तो दिवाळीत बघून ठेवला होता. फोनवर त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमची रीत आहे ती आम्हाला मान्यच आहे हो. फक्त पावसाचे दिवस, तान्हं बाळ, ओल बरी नाही. तेवढी खोली कोरडी झाली की आमचं काही म्हणणं नाही." गोड बोलून त्यांनी अट घातली होती. मी म्हटलं, खोली कोरडी करून दाखवते.

गवंडी ठरवला. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा थर द्यायचा, वरून कोबा करायचा, पाणी पन्हळाकडे वळवायचं, असं त्याचं म्हणणं. मला घाई. मी मालकांच्या मागे लागून विटांचे तुकडे आणि बारीक खडी आधीच वर चढवून घेतली, सगळ्या स्लॅबभर पसरूनही ठेवली, म्हणजे गवंडी आला की लगेच हात घालेल. आणि गवंडी गेला सासुरवाडीच्या यात्रेला. यात्रेला गेलेला माणूस मटण संपेपर्यंत परत येत नाही. तो येईपर्यंत आमच्या स्लॅबवर दुसरंच कुणी येऊन बसलं होतं.

कुरडया वाळत घालायला जागा बघावी म्हणून मी पाट आणि चिकाचं पातेलं घेऊन जिना चढले. वरच्या पायरीवर डोकं काढलं आणि कानाशी किंकाळी फुटली. टिटिव् टिव् टिव् करत एक पक्षी सरळ माझ्या तोंडावर आला. मी पाट टाकून खाली बसले. तो वळला, परत आला. पातेल्यातला सगळा चीक जिन्यावर सांडला. बसल्या बसल्याच बघितलं तर समोर खडीत, अगदी मधोमध, चार अंडी. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. खडी पसरल्यामुळे टिटवीला वाटलं असणार की हा आपल्यासाठीच माळ करून ठेवलाय. आणि तो मी केला होता, स्वतः मागे लागून. याला म्हणतात करायला गेले एक आणि झालं भलतंच.

खाली येऊन मी आबांना सांगितलं. माझी चूक झाली. मी मुकाट्यानं सुपात माती घालून त्यात अंडी उचलून बांधावर ठेवायला हवी होती. आबा खाटेवरून उठून बसले.

"स्लॅबवर? किती हायती?"

"चार."

"चार! आगं, औंदा लय पाऊस हाय!"

आमच्या भागात ही समजूत फार जुनी आहे. टिटवीनं ओढ्याच्या पात्रात अंडी घातली की दुष्काळ, बांधावर घातली की बरा पाऊस, आणि उंचावर घातली की मग बघायलाच नको. जितकी उंच अंडी तितका पाऊस. माळावर जन्म काढलेल्या माणसाला स्लॅबवरची अंडी म्हणजे केवढी बातमी, हे मला कळत होतं. पण परवापरवापर्यंत हीच टिटवी घरावरून ओरडत गेली की हेच आबा तीनदा थुंकायचे आणि म्हणायचे, अवलक्षणी ओरडली, कुणाचं तरी वाईट हाय. एका दिवसात ती अवलक्षणी जाऊन पावसाची देवता झाली.

"आवं आबा, पण गवंडी यायचाय. खोली गळतीय. लेक आणायचीय."

"आणू की. पिल्लं निघूंद्यात. म्हैनाभराचा तर कारभार."

"म्हैन्यानं पाऊस येईल."

"मग? त्येच तर टिटवी सांगतीया!"

आता या माणसाशी काय बोलायचं?

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. लोक बघायला यायला लागले. आधी शेजारचे, मग वाडीतले, मग ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं असे. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचं, वर एकेकानं डोकं काढून टिटवीची झडप खायची आणि समाधानानं खाली उतरायचं. "व्हय गड्या, चार हायती. टोकं खाली हायती काय बघितलं का? खाली म्हंजे पाऊस पक्का!" मी चहाचं आधण ठेवून ठेवून दमले. कुणी म्हणालं बाजरी सोडा आणि सोयाबीन पेरा, कुणी म्हणालं शेततळ्याचा बांध उंच करून घ्या. या लोकांनी हवामान खात्यावर कधी एवढा विश्वास टाकला नसेल.

गवंडी यात्रेवरून आला तो थेट त्याच गर्दीत. मला वाटलं, हा तरी कामाचा माणूस आहे, अंडी उचलेल आणि थापी धरेल. तो वर जाऊन बघून आला आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "वैनी, म्या न्हाई हात लावणार."

"का?"

"लेक गरवार हाय न्हवं तुमची? गरवार बाई असल्याल्या घरात कुणाचं अंडं-पिल्लू मोडायचं नसतंय. तुमाला म्हाईत न्हाई?"

मला माहीत होतं. आमच्या घरात तिला दिवस गेल्याचं कळल्यापासून मालकांनी सापावर काठी उचलली नव्हती आणि मी कोहळा चिरला नव्हता. म्हणजे बघा कसं झालं. लेकीसाठी स्लॅब दुरुस्त करायचा, आणि लेकीसाठीच स्लॅबला हात लावायचा नाही. मी इतकी चिडले की त्या सगळ्या बाप्यांसमोर मोठ्यानं बोलले, "त्या टिटवीच्या चार अंड्यांची काळजी सगळ्या गावाला हाय. माझ्या एका पोरीची कुणाला हाय का?" मग एक जण हळूच म्हणाला, "वैनी, च्या जरा गोड करा," आणि विषय संपला.

रात्रीच्या जेवणाआधी मी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती खूप हसली. मग म्हणाली, "नको गं आई, राहू दे ती अंडी. खरंच नको हलवूस. काय घाई आहे?" मला वाटलं, पोटात बाळ असलं की मन हळवं होतं, त्यातलंच हे.

मालकांचं डोकं फौजी. त्यांना कुठलीही अडचण सांगितली की ते कागदाशिवाय नकाशा काढतात. ते म्हणाले, अंडी मध्ये आहेत, आपली गळकी खोली उत्तरेला. निम्मा स्लॅब सोडायचा, निम्म्यावर काम करायचं. गवंडी तयार होईना, तेव्हा त्याला मोटरसायकलचं हेल्मेट दिलं. मालक स्वतः छत्री उघडून त्याच्यावर धरून उभे राहिले. दोन टिटव्या होत्या, नर आणि मादी, आणि दोघांनी दोन बाजूंनी असा मारा चालवला की मालकांना पुन्हा सीमेवर गेल्यासारखं वाटलं असावं. मी खालून ऐकत होते. टिव् टिव् टिव्, मग छत्रीवर धप्प, मग "आरं बस, बस, डोकं खाली घे!" गवंडी हेल्मेटच्या काचेतून उताराची दोरी बघत होता. दुपारी उतरून त्यानं सांगितलं की उतार चुकला, पाणी पन्हळाकडे जायचं ते खोलीच्या डोक्यावर येईल. केलेलं काम परत उखडावं लागलं. टिटवीदेखील समुद्र आटविते म्हणतात. आमच्या टिटवीनं गवंडी आटवला. जाताना तो म्हणाला, पिल्लं उडाली की सांगावा धाडा.

मग काय, वाट बघणं आलं. मी अंगणात धुणं धुवायला बसले की वरून ती मादी उतरायची. गुरांच्या हौदाच्या कडेला पाण्यात पोट बुडवायची आणि ओलं पोट घेऊन वर जायची. ऊन असं की स्लॅबवर पाय ठेवला तर भाजावा. अंडी उकडू नयेत म्हणून ती आपल्या पोटाची पिसं भिजवून त्यांच्यावर बसायची. दिवसातून कितीतरी वेळा. आणि दर वेळी हौदापाशी मी दिसले की माझ्यावर ओरडायची, जणू हौद तिच्या बापाचा आणि मी चोर. शेवटी मी एक परात पाण्यानं भरून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली. मला तिचं कौतुक वगैरे नव्हतं. माझ्या कानाला त्रास होत होता म्हणून ठेवली. आबांनी ती परात बघितली आणि काही बोलले नाहीत, त्याचासुद्धा मला राग आला.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. त्यातच विहीणबाईंचा निरोप आला, तयारी बघायला येते. नाही कसं म्हणणार? त्या आल्या, साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन, कडक इस्त्रीच्या साडीत. मी पुरणपोळी केली होती. आल्याबरोबर त्या खोलीत गेल्या आणि मान वर करून डागाकडे बघत राहिल्या. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात आबा पुढे झाले.

"आवं, या की वर. आमची टिटवी बघा."

मी डोळ्यांनी, मानेनं, हातानं खुणा केल्या. आबांना आता लांबचं दिसत नाही आणि जवळचं बघायचं नसतं. त्यांनी त्या बाईला जिना चढवला. पुढचं मी सांगायला नको. किंकाळी झाली, पण पहिली टिटवीची होती आणि दुसरी विहीणबाईंची. त्यांचा चष्मा कठड्याला लागून खाली शेणाच्या पाटीत पडला. मी तो तीनदा साबणानं धुऊन दिला.

त्या हसून म्हणाल्या, "किती छान, नाही? अगदी निसर्गाच्या कुशीत राहता तुम्ही." पोळी खाल्ली, तूप मागून घेतलं. निघताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, रागावू नका हं. मला वाटतं आमच्याकडेच करू या बाळंतपण. दवाखाना पाच मिनिटांवर आहे. तुम्हाला तरी कशाला एवढा त्रास?"

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी आबांवर जे तोंड सोडलं ते सोडलं. मी म्हणाले, तुमच्या पावसापायी माझी लेक गेली. तुम्हाला टिटवीचा संसार दिसतो, माझा दिसत नाही. आबा खाटेवर बसून तंबाखू मळत राहिले. मालक गोठ्यात गेले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उरलेल्या पुरणाच्या पातेल्यापुढे बसून रडले. रडू टिटवीचं नव्हतं की विहीणबाईंचं नव्हतं. माझी पोर माझ्या घरी येणार नव्हती, याचं होतं.

पण मी हार मानणारी नाही. अजून वेळ होता. पिल्लं निघाली की लगेच काम, काम झालं की मी स्वतः गाडी घेऊन साताऱ्याला जाणार आणि लेकीला घेऊन येणार, बघू कोण अडवतं.

पिल्लं निघाली ज्येष्ठ लागता लागता. सकाळी वरचा आवाज बदलला. टिटव्या स्लॅबवर नव्हत्या, खाली मोकळ्या रानात उभ्या राहून वर बघत हाका मारत होत्या. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालतात, पण उडत नाहीत. आई खालून बोलावत होती आणि पिल्लं कठड्याच्या कडेनं चिवचिवत पळत होती. कमरेएवढा कठडा. त्यांना त्या जन्मात ओलांडता आला नसता. ऊन चढायला लागलं होतं.

"आबा, पिल्लं अडकलीत."

"त्येंचं त्ये बघतील. हात लावू नगं, मानसाचा वास लागला तर आई घेत न्हाई."

महिनाभर सगळ्या गावानं त्या अंड्यांना हात लावू दिला नव्हता. पिल्लं निघाल्यावर ती उतरणार कशी, याचा विचार त्या एवढ्या शहाण्यांत एकानंही केला नव्हता. मीही नाही. मी घरातली दुसरी परात डोक्यावर पालथी धरली आणि जिना चढले. दोन्ही टिटव्या खालून माझ्यावर धावून आल्या. परातीवर पंखांचा तडाखा बसत होता, नुसता घंटानाद. पिल्लं दिसेनात. धोका वाटला की ती जमिनीला चिकटून निपचित पडतात, आणि विटांच्या तुकड्यांत विटांच्याच रंगाची होतात. मी गुडघ्यांवर बसून हातानं एकेक खडा चाचपत गेले. एक सापडलं, पदरात टाकलं. दुसरं, तिसरं. चौथं काही मिळेना. मांडी भाजत होती, मान परातीनं अवघडली होती, आणि ती बया माझ्या कानाशी किंचाळत होती. मी तिला म्हणाले, "गप की गं बाई! तुझंच शोधतीय ना?" चौथं पन्हळाच्या तोंडाशी होतं, माझ्या बोटापेक्षा जरा मोठं, आणि त्याचं काळीज एवढं धडधडत होतं की माझ्या तळहाताला कळत होतं.

बांधाजवळ पदर सोडला. चौघंही पळत आईकडे गेली. वास-बिस काही नाही, तिनं घेतली. पंख पसरून पोटाखाली घेतली आणि तिथूनही माझ्यावर ओरडलीच. मी आबांकडे बघितलं. ते म्हणाले, "उन्हाचं डोक्याला कायतरी बांधून तरी जायाचं." 

त्याच दिवशी गवंड्याला बोलावलं. आता मात्र तो रोज आला. कोबा झाला, उतार नीट झाला, पाणी सोडून बघितलं, पन्हळातून धो धो बाहेर. खोलीचं छत खरवडून रंग दिला. मी नवी गादी भरून घेतली, पडदे शिवले, खिडकीला जाळी मारली, वानरांसाठी आणि सापांसाठीही. मग लेकीला फोन लावला. माझा आवाज कसा होता ते मला आठवतं. जत्रेत पहिलं बक्षीस आल्यासारखा.

"खोली तयार हाय. एक थेंब गळायचा नाही. तुझ्या सासूला सांग, आणि रविवारी आम्ही न्यायला येतो."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "स्लॅब गळत नसता ना, तरी मी आले नसते."

"म्हंजे?"

"मला इथंच राहायचंय गं. माझी डॉक्टर इथं आहे. तो इथं आहे. बाळ झाल्यावर त्याला तीन महिने बाळ दिसणार नाही, हे मला नको वाटतं. सासूबाई म्हणत होत्या, तूच सांग आईला. मला तोंडच होत नव्हतं. मग ती टिटवी बसली आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आपोआप होतंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू ये ना इकडे. मला तू हवीयेस. फक्त इथं."

लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आणि ही मला म्हणत होती, सासरी येऊन राहा, माझं बाळंतपण कर. मी "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. आबा दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "जा की. रीत मानसासाठी असती. मानूस रीतीसाठी नसतंय."

"हे टिटवीच्या वेळी कुठं गेलं होतं?" मी इतक्या जोरात ओरडले की मालक गोठ्यातून पळत आले. आबा मला कधी उलटून बोलले नाहीत, तेव्हाही नाही.

दोन दिवस मी भांडी आदळत कामं केली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. खूप नाही, आमच्या भागात येतो तेवढाच. मी त्या खोलीत जाऊन नव्या गादीवर बसले आणि छताकडे बघत राहिले. पाऊस थांबेपर्यंत बघितलं. पांढरं स्वच्छ छत, कुठे ओल नाही, डाग नाही. एक थेंब जरी गळला असता तर मला कुणावर तरी ओरडता आलं असतं. गवंड्यावर, आबांवर, विहीणबाईंवर, त्या पाखरावर. महिनाभर मी सगळ्यांना विचारलं होतं, माझ्या पोरीची काळजी कुणाला आहे का. पोरीला काय हवंय, हे तेवढं तिला विचारायचं राहिलं होतं.

पाऊस उघडल्यावर मी विहीणबाईंना फोन लावला. मग त्यांना विचारलं, तुमच्याकडे मला महिना-दोन महिने झोपायला जागा होईल का.